तपासलेलं पाणी

विद्यापीठाने आम्हाला भागीदार करून घेतलं त्याला सात वर्षं झाली. कशात भागीदार, हे आम्ही पहिल्याच बैठकीत विचारलं होतं. विद्यापीठाच्या समाजसेवा केंद्राच्या बाई म्हणाल्या, "सगळ्यात." तेव्हा आमच्यातल्या एका म्हाताऱ्याने हात वर केला, "मग मागच्या भिंतीला एक दार पाडा की. बायकांना कामावर जायला फार वळसा पडतो." बाई हसल्या. त्या हसल्या म्हणून आम्हीही हसलो. दार काही पडलं नाही.

भिंतीच्या अलीकडे आमची वस्ती, पलीकडे विद्यापीठ. मी पलीकडे पंपघरात कामाला आहे. दोन मोठ्या मोटारी, एक लहान, आणि सात व्हॉल्व्ह. पहाटे वसतिगृहांना पाणी सोडायचं, दहाला आणि दुपारी हिरवळीला, कुणी मोठा पाहुणा आला तर कारंज्याला. एकोणीस वर्षं हेच करतोय. पंपघराच्या हौदातलं पाणी इतकं नितळ असतं की तळाशी पडलेला खिळा वरून दिसतो. संध्याकाळी घरी येऊन मी ज्या पाण्याने तोंड धुतो, ते तोंडात गेलं तर किल्ली चाटल्यासारखं लागतं.

वस्तीच्या वरच्या अंगाला एक कारखाना आहे. नळांच्या तोट्या, दाराच्या कड्या, असल्या वस्तूंना चकाकी चढवतात तिथे. उरलेलं पाणी मागच्या खड्ड्यात ओततात. खड्डा कधी भरत नाही, म्हणजे ते जमिनीत जातं, आणि त्याच जमिनीत आमची बोअर आहे. बोअरचं पाणी मोटारीने टाकीत चढतं, टाकीखाली चार नळ, तिथून सगळी वस्ती भरते. हंडा एक दिवस तसाच ठेवला तर वर साय धरते. दुधाची असती तर खाल्ली असती, असं ताई म्हणायची.

ताई म्हणजे माझी सख्खी थोरली बहीण. वस्तीच्या तोंडाशी तिचं इस्त्रीचं टेबल. विद्यापीठातल्या निम्म्या प्राध्यापकांचे शर्ट तिच्या हाताखालून जायचे. सुरकुती दिसली की तिला चैन पडायची नाही. बसायला आलेल्या माणसाचीसुद्धा कॉलर ओढून सरळ करायची. मला 'पंप्या' म्हणायची, चारचौघांत, माझ्या सुनेसमोरसुद्धा.

विद्यापीठाने काहीच केलं नाही असं मी म्हणणार नाही. खोटं बोलून काय मिळवायचंय? पहिल्या वर्षी विद्यार्थ्यांनी आमच्या भिंतींवर झाड रंगवलं, पानांच्या जागी माणसांचे हात. दुसऱ्या वर्षी खरी झाडं लावली, प्रत्येकाला लावणाऱ्याच्या नावाची पाटी. पाट्या अजून आहेत. मग आरोग्य शिबिर झालं, त्यात दोघांची साखर सापडली, ते वाचले. रुग्णसेवेचा वर्ग निघाला, त्यातून तीन पोरी नोकरीला लागल्या. एका वर्षी आम्हाला हात कसे धुवायचे ते शिकवलं, त्याच पाण्याने. आणि दर वर्षी पाहणी. एक पोरगी फॉर्म घेऊन ताईच्या टेबलापाशी आली, "आठवड्यातून साधारण किती वेळा तुम्हाला आशा वाटते?"

"इस्त्री तापलेली असते तेवढा वेळ," ताई म्हणाली.

पोरीने ते लिहून घेतलं.

त्याच वर्षी ताईचे पाय सुजायला लागले. सकाळी चप्पल जायची, दुपारी अडकायची. मग डोळ्यांखाली सूज. डॉक्टरने तपासण्या केल्या आणि म्हणाला, मूत्रपिंडं निम्म्यावर आली आहेत. अजून हातातून गेलेली नाहीत, पण पाणी बदला.

"पाणी बदला म्हणे," ताई बाहेर येऊन म्हणाली. "चादर आहे का ती?"

मी पंपघरातून रोज एक बाटली आणू लागलो. रखवालदार एका बाटलीपर्यंत बघून न बघितल्यासारखं करायचा. ताई ती बाटली शेजारणीच्या तान्ह्या पोरीला द्यायची. मी एकदा शिव्या घातल्या तर म्हणाली, "मी पन्नास वर्षं पाणी प्यायले. तिला अजून सुरुवात करायचीय."

सगळ्या वस्तीला नळाची लाईन आल्याशिवाय ताई चांगलं पाणी पिणार नाही, हे मला त्या दिवशी कळलं. म्हणून मी पालिकेत इंजिनियरकडे गेलो. त्याच्या टेबलावर नकाशा होता. निळी रेघ आमच्या गल्लीच्या तोंडापर्यंत येऊन थांबली होती. मी वासाचं सांगितलं, चवीचं सांगितलं, सायीचं सांगितलं.

"वास, चव हे माझ्या कामाचं नाही," तो म्हणाला. "उद्या दुसरा येईल, म्हणेल आमच्या पाण्याला गोडी नाही. मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा कागद आणा. पाणी पिण्यायोग्य नाही एवढं एक वाक्य. ते आलं की मी लाईन वाढवतो, माझा शब्द."

मान्यताप्राप्त प्रयोगशाळा भिंतीपलीकडे होती. माझ्या पंपघरापासून चालत पाच मिनिटं.

बाईंना विचारलं तर त्यांनी एका दमात हो म्हटलं. त्या वर्षी त्यांच्या केंद्राचा विषयच 'पाणी' ठरला. वस्तीत नमुना घ्यायचा, प्रयोगशाळेत तपासायचा, अहवाल छापायचा. मी उड्या मारायचा तेवढा बाकी राहिलो होतो. घरी येऊन ताईला सांगितलं तर ती इस्त्री उभी करून माझ्याकडे बघत राहिली.

"खरंच येणार?"

"अगं तारीख दिलीय. आणि कुलगुरू पण येणारेत."

"इथे? आपल्यात?"

मला तेव्हाच सावध व्हायला हवं होतं. ताईच्या डोक्यातून पाणी गेलं आणि पाहुणे आले, ते मी तिच्या तोंडावर पाहिलं होतं.

तिने विचारलं मात्र, "नमुना कुठून घेतील?"

"बोअरमध्ये नळी सोडतील. पाणी बघायचं तर उगमाला बघतात. टाकीत कोण बघतो?"

हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी पंपवाला. माझ्या लेखी पाणी म्हणजे जिथून मोटार ओढते ते. मला जे वाटलं ते मी छातीठोकपणे सांगितलं, आणि वस्तीने ते मानलं, कारण वस्तीत पाण्यातलं कळणारा मीच होतो. या सगळ्यात माझा वाटा किती, हे कुणी विचारलं तर एवढा.

आदल्या दिवशी ताईच्या टेबलाभोवती बायका जमल्या. गल्ली झाडायची, गटारावर फळ्या टाकायच्या, कुणाच्या घरच्या खुर्च्या आणायच्या, सगळं ठरलं. मग चहाचा विषय निघाला.

"या पाण्याचा चहा पाजणार त्यांना?" ताई म्हणाली. "तोंडात धरवणार नाही. घोट थुंकायला जागा शोधतील. मग आपण कुठे बघायचं?"

कुणीतरी म्हणालं, "बघू दे की, आपण पितोच ना."

"आपण घरचे आहोत."

यावर कुणाचं काही चाललं नाही. आमच्याकडे असंच आहे. घर गळत असेल, तर पाहुणा यायच्या आधी पातेली उचलून ठेवतात आणि फरशी पुसून घेतात. पाऊस लागून राहिला तर पाहुण्याला कोरड्या कोपऱ्यात बसवतात आणि स्वतः ठिबकाखाली बसतात. कुणी शिकवलेलं नाही. आपली घाण चारचौघांना दाखवून काही मागायचं, हे आमच्या अंगातच नाही. भीक मागणाऱ्यालासुद्धा जमतं ते आम्हाला जमत नाही.

ताई स्वतः टाकीत उतरली. तिला शिडीवर चढताना बघून मी ओरडलो, "सुजलेल्या पायांनी कुठे निघालीस? पडशील!"

"मग तू उतर."

"माझी ड्युटी आहे."

"मग ड्युटीवर जा. इथे उभा राहून टाकीला नजर लावू नकोस."

तिने टाकी रिकामी केली, आतून काथ्याने आणि ब्लीचिंगने घासली, शेवाळाची बादलीवर बादली काढली. चारही नळ चिंचोळ्या ब्रशने आतून साफ केले. दुपारी मी परत आलो तर ती बाहेर बसून खोकत होती, डोळे लाल. म्हणाली, "आत आता जेवायला बसता येईल."

एवढंच मला माहीत होतं. टँकरचं मला कुणी सांगितलं नाही. तेही माझ्याच भल्यासाठी. विद्यापीठात नव्या इमारतीचं बांधकाम चालू होतं, तिथला टँकर रोज माझ्या पंपघरात भरायचा. टँकरवाल्याचा गणवेश ताई फुकट इस्त्री करून द्यायची. तिने त्याला सांगितलं, सकाळची एक खेप आमच्या टाकीत ओत, आणि पंप्याला बोलू नकोस, उद्या विचारणा झाली तर त्याला माहीत नसलेलं बरं.

सकाळी टँकरवाला आला. मी पाइप लावला, टँकर भरला. तो नेहमीपेक्षा जास्त हसत होता. मी म्हटलं, "काय, लग्नबिग्न ठरलं की काय?" तो म्हणाला, "ठरलं तर पाणी तुमच्याकडूनच नेईन." आणि गेला.

दिवसभर मी कारंज्यापाशी होतो. कुलगुरूंचं भाषण कारंज्यापुढे होतं, म्हणून ते चालू ठेवायचं. पण आवाज व्हायला नको, म्हणून धार निम्मी ठेवायची. भाषण संपल्यावर सगळे वस्तीकडे गेले. मी व्हॉल्व्ह सांभाळत राहिलो.

संध्याकाळी घरी आलो तेव्हा वस्ती नुसती खुशीत होती. ताई पाय बादलीत सोडून बसली होती, पण तोंड चालू होतं. "कुलगुरूंनी दोनदा चहा मागितला. दोनदा! त्यांच्या बायकोने विचारलं, पत्ती कुठली वापरता. मी म्हटलं, हाताची चव आहे बाई."

"नमुना घेतला?"

"घेतला असेल की. बोअरपाशी बराच वेळ घोळका होता."

बोअरपाशी सावली आहे, म्हणून घोळका होता. हे आम्हाला नंतर कळलं.

पुढचे सहा महिने आम्ही जे जगलो, त्याला मी आजही हसतो आणि आजही मला त्याचा राग येतो. लोक लाईन आल्यासारखे वागू लागले. कुणी न्हाणीघराची भिंत पाडून मोठी केली. ताईने दाराजवळ खडूने एक फुली मारली, इथे नळ. मग ती पुसून वीतभर खाली मारली, कारण शेजारच्या पोरांचा हात पोचायला हवा. तिची सूज वाढत होती. डॉक्टरने गोळ्या बदलल्या. ती म्हणायची, "थोडे दिवस काढायचेत. लाईन आली की उतरेल."

अहवालाच्या कार्यक्रमाला आम्हा दोघांना बोलावणं आलं. मोठं सभागृह, मऊ खुर्च्या. पुढच्या रांगेत दोन खुर्च्यांवर कागद चिकटवलेले होते: समुदाय भागीदार १, समुदाय भागीदार २.

"यातली मी कोण?" ताईने विचारलं.

"तू थोरली. तू एक."

ती एकवर बसली. माझी कॉलर सरळ केली.

बाई बोलायला उभ्या राहिल्या. पडद्यावर आमची गल्ली आली, आमची मुलं आली, रंगवलेलं झाड आलं. मग आकड्यांचे तक्ते. त्यातलं मला काही कळलं नाही. मग मोठ्या अक्षरांत एक ओळ आली: वस्तीतील पाणी पिण्यायोग्य आहे.

टाळ्या पडल्या. आमच्या मागच्या रांगेतला एक जण पुढे वाकून मला म्हणाला, "अभिनंदन."

मला वाटलं माझं वाचण्यात काही चुकलं. मी परत वाचलं. तेवढ्यात पडद्यावरची ओळ गेली आणि फोटो आला. आमची टाकी. टाकीचा नळ. नळाखाली काचेची बाटली धरून एक विद्यार्थिनी बसलेली, हातात मोजे. आणि तिच्या शेजारी ताई, फडक्याने नळाचं तोंड पुसून देताना, हसताना.

ताईने माझं मनगट इतकं घट्ट धरलं की घड्याळ रुतलं.

"अरे, ती पोर..." ती पुटपुटली. "मला वाटलं तिला तहान लागलीय."

"असू दे की. टाकीत पाणी तर बोअरचंच असेल ना? घासली म्हणून काय झालं?"

तिने मनगट आणखी आवळलं.

"ताई?"

"टँकर ओतला होता. चहासाठी."

"कुठला टँकर?"

तिने माझ्याकडे पाहिलं, आणि मला त्या दिवशी सकाळी हसणारा टँकरवाला दिसला. पाइप मी लावला होता. व्हॉल्व्ह मी फिरवला होता. विद्यापीठाने विद्यापीठाचंच पाणी तपासलं होतं, आणि ते चांगलं निघालं होतं. निघणारच. एकोणीस वर्षं मी त्या हौदाची राखण करतोय.

ताई उठली. मी तिला खाली ओढायला बघत होतो, पण सुजलेल्या पायांनीसुद्धा ती उभी राहिली ती राहिली. "ओ बाई," ती म्हणाली, माइक नव्हता तरी सगळ्यांना ऐकू गेलं. "चूक झालीय. ते पाणी वस्तीचं नव्हतं. मी टँकर ओतला होता, पाहुण्यांच्या चहासाठी. वस्तीचं पाणी वाईट आहे. माझे पाय बघा."

कुलगुरू शेजाऱ्याच्या कानात काहीतरी बोलले. सूत्रसंचालक पुढे आला. "ताईंच्या भावना आपण समजू शकतो. त्यांच्या मनातल्या शंकांचं निरसन आपण चहापानाच्या वेळी जरूर करू." परत टाळ्या पडल्या. त्या कशासाठी होत्या, हे टाळ्या वाजवणाऱ्यांनाही सांगता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही बाईंच्या खोलीत गेलो. बाईंच्या डोळ्यांवरून कळत होतं, त्या झोपलेल्या नव्हत्या. बाई वाईट नव्हत्या. वाईट असत्या तर मला हे सगळं सोपं गेलं असतं.

"माझा तुमच्यावर विश्वास आहे," त्या म्हणाल्या. "पण माझा विश्वास अहवालात लिहिता येत नाही."

"मग परत नमुना घ्या," मी म्हटलं. "आत्ता. मी बोअर उघडून देतो."

"तसं नाही करता येत. नमुना कुठून, कधी, कसा घ्यायचा हे आधी समिती मंजूर करते. लोक जिथून प्रत्यक्ष पाणी भरतात तिथूनच घ्यायचा, असं मंजूर झालं होतं. तसाच घेतला. कागदावर काहीच चुकलेलं नाही."

"कागदावर नाही हो चुकलेलं," ताई म्हणाली. "टाकीत चुकलंय."

बाईंनी कपाळ दाबलं. "तुम्ही लेखी दिलंत तर मी समितीपुढे ठेवीन. पण त्याचा अर्थ असा होईल की भागीदारांनीच नमुन्यात फेरफार केला."

"फेरफार कसला? टाकी घासली मी!"

"मला कळतंय, ताई. त्यांना असंच दिसेल. मग केंद्रावर चौकशी बसेल. कदाचित तुमच्या वस्तीतले सगळे कार्यक्रम बंद होतील. शिबिर, मुलींचा वर्ग, सगळं."

भिंतीवर आमच्या मुलांचा हसरा फोटो होता. ताई त्याच्याकडे बघत म्हणाली, "पंप्या, लिही. माझं एकटीचं नाव घाल. तू टँकर भरलास ते लिहू नकोस, तुझी नोकरी जाईल."

मी लिहिलं. तिने सही केली. बाई रडल्या. मला त्यांच्या रडण्याचा संताप आला. ज्याच्या हातात काहीच नाही त्याने रडावं. त्यांच्या हातात निदान ती किल्ली होती, प्रयोगशाळेची, मी ती त्यांच्या टेबलावर बघितली होती. एक बाटली गुपचूप आत नेली असती तर कुणाचं काय गेलं असतं? मी ते बोललोही. त्या म्हणाल्या, "तो आकडा मला कुठेच दाखवता येणार नाही."

समितीचं उत्तर अडीच महिन्यांनी आलं. भागीदाराच्या निवेदनाची नोंद घेण्यात आली आहे. नमुना संकलनाची कार्यपद्धती पूर्णपणे पाळली गेल्याने निष्कर्ष कायम ठेवण्यात येत आहेत. केंद्राची चौकशी झाली नाही, वर्ग बंद झाले नाहीत, कुणाचं काहीही वाकडं झालं नाही. पाण्याचा विषय संपला होता. नव्या वर्षाचा विषय होता 'मनःस्वास्थ्य'.

मग मी स्वतः बोअरचं पाणी बाटलीत भरून प्रयोगशाळेच्या खिडकीवर गेलो. पैसे भरायची तयारी होती. खिडकीतला कारकून म्हणाला, "बाहेरून भरून आणलेली बाटली आम्ही घेत नाही. नमुना आमच्याच माणसाने घेतलेला लागतो."

"का?"

"लोक काहीही भरून आणतात."

मी तिथेच हसत सुटलो. तो घाबरला. त्याने खिडकी लावून घेतली.

इंजिनियरकडे विद्यापीठाचा अहवाल आधीच पोचला होता, गुळगुळीत कागदावर, मुखपृष्ठावर ताई नळ पुसतेय. त्याने तो माझ्यापुढे सरकवला. "मी तुम्हाला कागद आणा म्हटलं होतं. कागद आला."

"तो चुकीचा आहे, साहेब."

"विद्यापीठ खोटं बोलतं, आणि तुम्ही खरं?"

"कोणी खोटं बोलत नाहीये. तोच तर घोटाळा आहे."

त्याने नकाशाची गुंडाळी केली. म्हणाला, जिथे पिण्यायोग्य पाणी आहे तिथे लाईन वाढवता येत नाही, तसा नियमच आहे, आणि आता कुणी वरून सांगितलं तरी त्याचे हात बांधलेले आहेत. तो उद्धटपणे बोलला नाही. मला पाणी विचारलं. मी प्यायलो, कारण ते चांगलं होतं.

हिवाळा संपता संपता ताईला टेबलापाशी उभं राहवेना. विद्यापीठाच्याच रुग्णालयात दाखल केली. भागीदार म्हणून तिला खाट लगेच मिळाली, रांग लागली नाही. आठवड्यातून तीन दिवस तिचं रक्त यंत्रातून फिरवून आणायचे.

एक दिवस पंपघरात बसल्या बसल्या माझं डोकं फिरलं. मी उठलो आणि मुख्य व्हॉल्व्ह बंद केला. चाक गच्च आवळलं. एकदा तरी त्यांचे नळ कोरडे पडू देत. कुलगुरूंच्या घरचे, समितीचे, त्या खिडकीतल्या कारकुनाचे. चाकावर हात ठेवून मी उभा राहिलो. पाइपातला आवाज हळूहळू बसत गेला. मग आठवलं की रुग्णालयही याच लाईनवर आहे, आणि तिथल्या यंत्राला पाणी लागतं, भरपूर लागतं, आणि तो ताईचा यंत्राचा दिवस होता. मी इतक्या घाईने चाक उलटं फिरवलं की तळव्याची साल निघाली. फोन वाजला, आमचे साहेब विचारत होते काय झालं. मी म्हटलं, हवा धरली होती लाईनीत. नीट बघत जा, ते म्हणाले.

दुपारी मी तिला बघायला गेलो तेव्हा खाटेभोवती विद्यार्थी उभे होते. मोठे डॉक्टर शिकवत होते. ताई उशीला टेकून, हात मांडीवर, परीक्षेला बसल्यासारखी.

"या बाईंची मूत्रपिंडं का गेली असतील?" डॉक्टरांनी विचारलं.

एक मुलगी म्हणाली, "सर, पाणी? जड धातू?"

तिचं तोंड दिसावं म्हणून मी मान उंचावली.

"चांगला विचार आहे," डॉक्टर म्हणाले. "म्हणून तर राहण्याचा पत्ता विचारायचा असतो. पण यांच्या वस्तीचं पाणी तपासलेलं आहे, आपल्याच विद्यापीठाने. ते कारण इथे बाद होतं. दुसरं शोधा."

"डॉक्टरसाहेब," मी पुढे झालो, "ते पाणी..."

"पंप्या," ताई म्हणाली.

"तू गप्प बस, मला बोलू दे."

"मी बोलले होते की. उभी राहून बोलले होते. तुझ्याने काय जास्त होणार आहे?"

डॉक्टर माझ्याकडे बघून सवयीने परत ताईकडे वळले. ते खाटेच्या कडेला बसले, आवाज मऊ केला. "बाई, काम उभ्याने करता ना? पाठ दुखायची? दुखण्याच्या गोळ्या घ्यायचात?"

ताईने माझ्याकडे पाहिलं नाही. ती थकली होती, आणि समोरचा माणूस चांगला होता, त्याला काहीतरी उत्तर हवं होतं. घरी आलेल्याला ती रिकाम्या हाताने पाठवायची नाही.

"घ्यायचे कधीमधी," ती म्हणाली.

"रोज?"

"रोज म्हणा हवं तर."

"रोज," डॉक्टर विद्यार्थ्यांकडे वळून म्हणाले, आणि आठ-दहा पेनं एकदम चालली. ती मघाची मुलगी तेवढी थोडा वेळ ताईच्या पायांकडे बघत राहिली. मग तिनेही लिहिलं.

ते पुढच्या खाटेकडे गेल्यावर मी स्टुलावर बसलो. मी तिला विचारलं नाही, की तू खोटं का बोललीस. गोळ्या तिने उभ्या आयुष्यात दोन-चारदा घेतल्या असतील. तीच म्हणाली, "असू दे रे. पोरांचा अभ्यास झाला."

"तुझ्या जिवावर?"

"माझा जीव तसाही इथेच पडलाय."

नर्स आली. उशाशी असलेल्या तांब्यात नितळ पाणी भरलेलं होतं, माझ्या पंपाचं, आणि शेजारी एक लहानसा कप. तिने कप भरला, ताईच्या हातात दिला आणि मला बजावलं, "दिवसाला चार. यापेक्षा एक घोट जास्त नाही. कितीही मागितलं तरी देऊ नका, पाणी फुप्फुसात जाईल."

ती गेली. बाहेर हिरवळीला पाणी सोडायची वेळ झाली होती, दुसऱ्या पाळीच्या माणसाने ते सोडलं. खिडकीतून फवाऱ्यांचा आवाज येऊ लागला. ताईने कप ओठांना लावला, जीभ भिजवली आणि परत खाली ठेवला.

"गोड आहे रे," ती म्हणाली.

तो कप तिने चार वाजेपर्यंत पुरवला.